खिडकी बंद झाल्यानंतरचा सुगंध

काचेची चौकोनी बाटली, तळाशी मधाच्या रंगाचा द्रव आणि तोंडातून बाहेर फाकलेल्या सात-आठ काळ्या काड्या. टीव्हीच्या शेजारी किंवा दारातल्या चपलांच्या कपाटावर ठेवलेली ही वस्तू आता बुटीबोरीच्या नव्या फ्लॅटांतही दिसते. तिला रीड डिफ्यूझर म्हणतात. ज्योत नाही, वायर नाही, धूर नाही. द्रव काडीतून वर चढतो, हवेत उडतो आणि खोलीला वास येतो. विकत घेणाऱ्याला या काड्या वेताच्या वाटतात. पूर्वी त्या वेताच्याच असत आणि आजही पुष्कळशा असतात. पण काळ्याभोर, अगदी एकसारख्या जाडीच्या, बोटानं दाबल्यावर किंचित मऊ लागणाऱ्या काड्या बहुधा पॉलिएस्टरच्या असतात. बारीक तंतूंची जुडी दाबून, जोडून त्या केलेल्या असतात.

आणि पॉलिएस्टर म्हटलं की बुटीबोरी आलीच. नागपूरहून वर्धा रोडनं निघालं, की विमानतळ, मिहान, जामठ्याचं क्रिकेटचं मैदान मागे टाकत सुमारे ३० किलोमीटरवर हे गाव लागतं. इथून एक रस्ता हिंगणघाटमार्गे हैदराबादकडे जातो, दुसरा वर्ध्याकडे वळतो. रेल्वेचाही इथे फाटा आहे, उमरेडकडे जाणारा. एमआयडीसीच्या मोठ्या वसाहतींपैकी ही एक. इंडोरामाचा पॉलिएस्टर तंतू आणि सूत इथे बनतं, सिएटचे टायर बनतात, विजेच्या वाहिन्यांसाठी लागणारे मनोरे बनतात. इथला तंतू डिफ्यूझरच्या काडीत जातो असं मी म्हणत नाही; तो मुख्यतः कापडात जातो. पण दिवाणखान्यातली ‘नैसर्गिक’ दिसणारी काडी आणि कारखान्याच्या फाटकातून निघणारा ट्रक यांची जात एकच आहे, हे बुटीबोरीत राहणाऱ्याला सहज कळतं. बाकीच्यांनीही ते ठाऊक करून घ्यावं.

काडीचं काम साधं आहे. वेताच्या आत या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग, केसासारख्या बारीक नळ्या असतात. त्यांतून द्रव आपोआप वर चढतो. बांबूची काडी तेवढं चांगलं काम करत नाही, कारण बांबूला पेरं असतात आणि पेराशी वाट अडते. चंद्रपूर-गडचिरोलीचा बांबू एवढा जवळ असताना डिफ्यूझरसाठी वेत बाहेरून का आणावा लागतो, याचं उत्तर या पेरात आहे. उदबत्तीच्या काडीला मात्र हाच बांबू चालतो, कारण तिथे काडीनं फक्त जळायचं असतं.

बाटलीतल्या द्रवात सुगंधी तेल कमी आणि ते वाहून नेणारा पातळ, बिनवासाचा बेस जास्त असतो. साधारण चौथा-पाचवा हिस्सा सुगंध, उरलेला बेस. आणखी एक प्रकार अल्ट्रासॉनिक डिफ्यूझरचा. त्यात पाणी भरायचं, तेलाचे चार थेंब टाकायचे. तळाची चकती सेकंदाला लाखो वेळा थरथरते आणि पाण्याचं थंड धुकं बाहेर पडतं. रात्री त्यातला दिवा रंग बदलतो, म्हणून मुलांना तो फार आवडतो. बोअरचं जड पाणी घातलं तर दोन-चार दिवसांत आजूबाजूच्या फर्निचरवर पांढरी भुकटी बसते. ते पाण्यातले क्षार. आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी वापरलं की प्रश्न मिटतो.

आमच्या भागात मात्र खोलीला वास देणारं सर्वांत मोठं यंत्र यांपैकी कुठलंच नाही. ते यंत्र कूलर.

२३ मे २०१३ रोजी नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. तो आकडा टोकाचा, पण ४५ अंशांचं इथे नवल नाही. मार्च संपत आला, की माळ्यावरचा पत्र्याचा कूलर खाली उतरतो, त्याच्या तिन्ही बाजूंच्या जाळ्या काढल्या जातात, जुनं काळपटलेलं गवत फेकलं जातं आणि माणूस नव्या ताट्यांसाठी बाजारात जातो. तिथे दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, वुडवूल की खस? वुडवूल म्हणजे लाकडाचा बारीक किस. स्वस्त, आणि पाणीही बरं धरतो. खस म्हणजे वाळ्याची मुळं. महाग, वजनाला जड, पण मोटार सुरू करून ताटी भिजली, की पहिल्या पाच मिनिटांत घरभर जो वास पसरतो, त्यासाठी लोक चार पैसे जास्त मोजतात. आता मधमाशीच्या पोळ्यासारखे कागदी पॅडही आले आहेत. ते जास्त वर्षं टिकतात, हवा गार करतात, वास देत नाहीत.

दहा बाय बाराच्या आणि दहा फूट उंचीच्या खोलीत जेमतेम ३४ घनमीटर हवा मावते. खिडकीतला मोठा कूलर ताशी काही हजार घनमीटर हवा आत ढकलतो. म्हणजे तासाभरात खोलीची सगळी हवा शंभरेक वेळा बदलते. ही सगळी हवा ओल्या मुळांमधून गाळून येते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शोषली जाते; ती उष्णता हवेतून जाते, म्हणून हवा गार होते. आणि त्याच हवेबरोबर वाळ्याचा वास येतो. वेगळा खर्च नाही, वेगळी बाटली नाही. कोकणात हा खेळ जमत नाही, कारण तिथली हवा आधीच ओली असते. विदर्भाची कोरडी लाही इथे कामाला येते.

ही युक्ती जुनी आहे. अबुल फजलनं ‘आईन-ए-अकबरी’त अकबराच्या खसखान्याची नोंद केली आहे: बांबूच्या सांगाड्यावर वाळ्याची मुळं बांधायची, त्यांवर पाणी मारत राहायचं, आणि भर उन्हाळ्यात आत थंडी. पुढे इंग्रज अधिकाऱ्यांनी दारा-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावल्या. त्यांवर दिवसभर पाणी मारायला माणूस ठेवलेला असे. एकोणिसाव्या शतकात त्यांनी एक पेटाराही तयार केला. आत हातानं फिरवायचं पंख्याचं चाक, बाजूंना वाळ्याच्या ताट्या. त्याचं नाव थर्मॅन्टिडोट. आपला पत्र्याचा कूलर त्याचाच वंशज. चाक फिरवणाऱ्या माणसाची जागा विजेच्या मोटारीनं घेतली.

या सगळ्या व्यवस्थेत एक अट होती, आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. कूलरला समोरची खिडकी उघडी लागते. हवा आत आली तर ती कुठून तरी बाहेर गेली पाहिजे. नाहीतर खोलीत नुसती चिकचिक होते. वाळ्याचा सुगंध वाहत्या हवेवर येत होता आणि वाहत्या हवेबरोबर निघून जात होता. घरात एसी आला, तशी खिडकी बंद झाली. खिडकी बंद झाली, तसा फोडणीचा, ओल्या टॉवेलचा, बुटांचा वास आतच राहू लागला. त्या बंद खोलीसाठी आता बाटली विकत आणावी लागते. डिफ्यूझर ही बंद खिडकीनं निर्माण केलेली गरज आहे. यात वाईट काही नाही. एसीनं मे महिन्यात किती म्हाताऱ्या माणसांना आणि तान्ह्या मुलांना सुखाची झोप दिली, हे इथे राहणाऱ्यांना माहीत आहे. पण गरज कुठून आली हे कळलं, की बाटली निवडणं सोपं जातं आणि ती कुठे ठेवायची नाही हेही कळतं.

दिवाळीच्या आधी सीताबर्डीत किंवा मॉलमधल्या काउंटरवर डिफ्यूझर पाहायला जा. लव्हेंडर, व्हॅनिला, सँडलवुड, ओशन ब्रीझ, जॅस्मिन. ज्याला समुद्र शेकडो किलोमीटर लांब आहे, त्याला ओशन ब्रीझ. सुक्या मेव्याच्या डब्याऐवजी डिफ्यूझरची पेटी भेट देण्याची रीत आता कंपन्यांतही शिरली आहे, आणि पेटी खरंच देखणी असते. माझं म्हणणं एवढंच, की त्या फळीवर आमचं काही असायला हवं. आमच्याकडे ते आहे. तेही असं, की अत्तर बांधणारा माणूस खूश व्हावा.

अत्तराची बांधणी तीन थरांची मानतात. वरचा थर पहिल्या मिनिटात नाकात शिरतो आणि लवकर उडतो. मधला थर म्हणजे अत्तराचा खरा चेहरा. तळाचा थर जड असतो. तो हळूहळू उडतो आणि वरच्या दोघांना धरून ठेवतो. आता विदर्भाकडे पाहा. वरच्या थराला संत्रं, मधल्याला रोशा गवत, तळाला वाळा. तिन्ही इथल्या मातीतले.

संत्र्याबद्दल इथे कुणाला काय सांगायचं? अठराव्या शतकाच्या अखेरीस रघुजी भोसल्यांनी औरंगाबादकडून रोपं आणली असं सांगतात. २०१४ साली नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं. केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था नागपुरातच आहे. दिवाळीच्या सुमारास अंबिया बहाराचं फळ बाजारात येऊ लागतं आणि काटोल-वरुडकडच्या गाड्या शहरात उतरतात. आमचं सगळं लक्ष फोडींवर असतं. सुगंध मात्र सालीत आहे. सालीवरच्या प्रत्येक ठिपक्याखाली तेलाची एक पिशवी असते आणि त्या तेलात ९० टक्क्यांहून जास्त लिमोनीन असतं. लहानपणी पणतीच्या ज्योतीसमोर साल दाबून ठिणग्या उडवल्या नाहीत असं मूल नागपुरात सापडणार नाही. त्या ठिणग्या म्हणजे लिमोनीन जळताना. हलकं, चटकन उडणारं, चटकन पेटणारं. वरच्या थराला हेच लागतं. रसाच्या कारखान्यात सालीचे ढीग पडतात. तेल काढल्याशिवाय त्या सालीला सोडणं हा शेतकऱ्याच्या पैशाचा अपव्यय आहे.

रोशाची गोष्ट लोक विसरले, म्हणून इथे जरा थांबतो. मेळघाटापासून निमाड-बैतूलपर्यंतच्या आणि तिकडे खानदेशातल्या कोरड्या डोंगरउतारांवर हे गवत आपणहून वाढतं. काही भागांत त्याला तिखाडी म्हणतात. पावसाळा सरता सरता त्याचे तुरे लालसर होतात; तेव्हा ते कापायचं. पान चुरगाळलं की गुलाबाचा वास येतो, आणि मागोमाग किंचित आल्यासारखा तिखटपणा. कारण त्याच्या तेलात मुख्य अंश जिरॅनिऑलचा असतो, आणि गुलाबाच्या वासातही जिरॅनिऑल असतंच. एकोणिसाव्या शतकात पिंपळनेर-नंदुरबारकडे ओढ्याकाठी भट्ट्या लागत. मोठ्या हंड्यात गवत दाबून भरायचं, पाणी घालायचं, झाकण लिंपून खाली जाळ करायचा आणि बांबूच्या नळीतून येणारी वाफ गार पाण्यात ठेवलेल्या भांड्यात थंड करायची. वर तरंगणारं तेल काढून घ्यायचं. भट्टी ओढ्याकाठीच का, तर गार पाणी सतत लागतं म्हणून. हे तेल मुंबईला जाई, तिथून तांबड्या समुद्रातून इस्तंबूलकडे, आणि तिथे बल्गेरियाच्या गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जाई. युरोपच्या बाजारात ते ‘तुर्की जिरॅनियम’ म्हणून विकलं गेलं. खानदेश-वऱ्हाडच्या डोंगरातल्या आदिवासींनी कापलेलं गवत पॅरिसच्या बाईच्या रुमालावर गुलाब म्हणून पोचत होतं, आणि नाव मात्र तुर्कस्तानचं.

गवताच्या शास्त्रीय नावातही एका फ्रेंच माणसाचं नाव आहे, क्लॉड मार्टिन. लखनौच्या ला मार्टिनियर शाळेमागे ज्याचा पैसा आहे, तोच हा. त्यानं बिया गोळा करून वाढवल्या आणि रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञानं त्याच्या नावे गवताची नोंद केली. आज लखनौच्याच सीमॅप या केंद्रीय संस्थेनं रोशाचे सुधारित वाण दिले आहेत. हलक्या, मुरमाड जमिनीत ते येतात, एकदा लावलं की काही वर्षं कापणी मिळते, आणि वासामुळे जनावरं शक्यतो तोंड लावत नाहीत. रानडुकरं आणि रोही ज्यांचं शेत लुटून नेतात, त्या विदर्भातल्या शेतकऱ्याला या शेवटच्या गुणाची किंमत वेगळी सांगावी लागणार नाही.

वाळ्याबद्दल निम्मं सांगून झालंय. त्याचं तेल मुळात असतं, मुळं दीड-दोन वर्षांनी खणायची, आणि सुक्या मुळाच्या वजनाच्या जेमतेम एक टक्का किंवा त्याहूनही कमी तेल निघतं. तेही जड, दाट, ऊर्ध्वपातनाला तासन् तास घेणारं. उत्तरेकडे तांब्याच्या भांड्यात काढलेल्या रूह खसला हिरवट रंग येतो तो तांब्यामुळे. जगाच्या बाजारात आज हैतीचा वाळा सर्वांत पुढे. वाळ्याचा दुसरा गुण जमीन धरून ठेवण्याचा. मुळं सरळ खाली तीन-चार मीटर जातात, म्हणून बांधावर त्याची ओळ लावली की माती वाहून जात नाही. १९८०च्या दशकात जागतिक बँकेनं भारतात याचा मोठा प्रचार केला. दूषित पाण्यातले जड धातूही हे गवत शोषून घेतं. बुटीबोरीसारख्या औद्योगिक वसाहतीतल्या नाल्यांच्या काठांनी वाळा लावावा असं मला मनापासून वाटतं. नीरीसारखी पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था नागपुरात असताना हे अवघड नाही. फक्त त्या काठावरचा वाळा माठात घालू नये, कूलरलाही नको; तो नाल्याच्याच कामाला ठेवावा. माठातल्या जुडीसाठी स्वच्छ शेतातली मुळं हवीत.

सुगंध तयार करण्याच्या उद्योगात मराठी माणूस नवखा नाही. एस. एच. केळकर आणि कंपनी १९२२ पासून मुंबईत सुगंधी संयुगं तयार करते आणि देशातल्या मोठ्या कंपन्यांत तिची गणना होते. मुलुंडच्या वझे महाविद्यालयात सुगंधशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं. नागपुरात १९४२ पासून लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था आहे, तिथे तेलांचं तंत्रज्ञान शिकवलं जातं. म्हणजे कच्चा माल आहे, शिकलेली माणसं आहेत, बुटीबोरीत जागा, वीज आणि रस्ते आहेत. इथल्या तीन वासांची बाटली इथेच भरायला काय हरकत आहे?

डिफ्यूझर घरात आणण्याआधी काही गोष्टी नीट समजून घ्याव्यात. दमा असलेलं माणूस, तान्हं बाळ किंवा मांजर ज्या खोलीत झोपतं, तिथे तो ठेवू नये. नैसर्गिक तेल म्हणजे निर्धोक तेल असं नसतं. मांजराचं यकृत अनेक सुगंधी द्रव्यं पचवू शकत नाही. लिमोनीन हवेतल्या ओझोनशी भेटलं की फॉर्मल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात, म्हणून ओझोन सोडणारं हवा शुद्ध करण्याचं यंत्र आणि संत्र्याचा डिफ्यूझर एकाच खोलीत नकोत. लेबलवर नुसतं ‘फ्रॅग्रन्स’ लिहून मोकळ्या होणाऱ्या बाटलीपेक्षा घटक सांगणारी बाटली घ्यावी. सुगंधी द्रव्यांच्या सुरक्षित वापराची प्रमाणं ठरवणारी इफ्रा ही आंतरराष्ट्रीय संघटना १९७३ पासून आहे; तिच्या मानकांचा उल्लेख असेल तर उत्तम. आणि रोज थोडा वेळ का होईना, खिडकी उघडायची. एका वासात वीस मिनिटं बसलं, की नाकाला तो कळेनासा होतो. मग माणूस आणखी दोन काड्या खोचतो आणि पाहुण्याचं डोकं दुखू लागतं.

दिवाळीत सर्वांत मोठी काळजी आगीची. बाटलीतला द्रव पेट घेऊ शकतो. पणत्या, समया, फुलबाज्या यांच्यापासून ती लांब, मुलांच्या हाताच्या वर आणि देव्हाऱ्यापासून दूरच असावी. देव्हाऱ्याला कापूर आणि उदबत्ती पुरेशी आहे. आमच्या कोरड्या रानातल्या सालईचा डिंक मिळाला, तर निखाऱ्यावर तोच घालावा. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी त्याच्यापुढे कुठलीही बाटली टिकत नाही. तेवढा वेळ दार-खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

कूलर वापरणाऱ्यांनी टाकी आठवड्यातून एकदा कोरडी करून घासावी. डेंग्यूचा डास या साचलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो, आणि नागपूर महापालिकेची पथकं कूलरच्या टाक्यांत अळ्या शोधत घरोघरी फिरतात ती उगीच नाही. जुनी ताटी कुबट वास देऊ लागली तर अत्तर शिंपडून उपयोग नाही. ताटी बदलावी.

घरी करून पाहायचं असेल तर १०० मिलिलिटरची लहान तोंडाची काचेची बाटली घ्यावी. रुंद तोंडाची नको, त्यातून द्रव काड्यांत न चढता परस्पर उडून जातो. त्यात ८० मिलिलिटर रीड डिफ्यूझरसाठी मिळणारा तयार बेस घालायचा. खोबरेल तेल चालत नाही, ते काडीत चढत नाही आणि पुढे खवट होतं. मग ११ मिलिलिटर संत्र्याच्या सालीचं तेल, ७ मिलिलिटर रोशाचं आणि फक्त २ मिलिलिटर वाळ्याचं. वाळ्याचं तेल दाट असतं. जास्त झालं तर काड्यांच्या नळ्या बुजतात. हलवून एक दिवस तसंच ठेवावं, गढूळ झालं तर बेस बदलावा. लहान खोलीला चार काड्या पुष्कळ. आठवड्यातून एकदा त्या उलटायच्या, खाली वर्तमानपत्र धरून, कारण थेंब पडला तर लाकडाचं पॉलिश जातं. पंख्याच्या झोतात आणि उन्हाच्या खिडकीत ठेवू नये. एप्रिल-मेमध्ये बाटली हिवाळ्यापेक्षा लवकर संपेल. पहिले काही दिवस संत्रं पुढे असेल, मग रोशाचा गुलाब वर येईल, आणि बाटली तळाला जाताना मुख्यतः वाळाच राहील. त्या वेळी नवा द्रव भरायचा झाला तर काड्याही नव्या घ्याव्यात; जुन्या काड्यांच्या नळ्या वाळ्यानं भरलेल्या असतात आणि त्यांतून संत्रं वर चढत नाही.